एक्कावन्नाव्या मिनिटाला बसणारा आवाज

या मंडळी, जरा पुढे सरका. आणखी पुढे. दारापाशी उभं राहून अर्धं ऐकू नका, आणि खांबाला टेकूनही बसू नका. टेकून बसलं की माणसाचं काय होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही, आणि आजची गोष्ट तीच आहे. गोष्टीत एक म्हातारा सीडी प्लेअर आहे, एक नवंकोरं यंत्र आहे, माझी थोरली बहीण आहे, आणि मी सहा वर्षं जिवापाड सांभाळलेलं एक खोटं आहे. शेवट गोड होतो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्ये तुम्ही माझी फार काळजी करणार नाही. थोडी करा. तेवढा मान राहू द्या.

आधी कबुली. आमच्या अक्काचे यजमान कीर्तनकार होते. सगळे त्यांना बुवा म्हणत, म्हणून मीही बुवाच म्हणे. मला कीर्तनाचं वेड लहानपणापासूनचं. पाऊस असो, ताप असो, ऑफिसात साहेब डोक्यावर बसलेला असो, कीर्तन म्हटलं की मी निघालोच. त्यातून बुवांचं म्हणजे विचारूच नका. गोष्ट सांगता सांगता गायला लागत, गाता गाता पुढच्या रांगेतल्या कुणाची तरी खोडी काढत, आणि शेवटाला अशी कलाटणी देत की दुसऱ्या दिवशी जेवताना माणूस घास हातात धरून बसे. त्यांचं एकही कीर्तन मी चुकवलं नाही. शेवटचंही नाही. हजर होतो, तिसऱ्या रांगेत, खांबाला टेकून. आणि झोपलो.

त्या दिवशी ते एका राखणदाराची गोष्ट सांगत होते. पीक भरात आलंय, आणि हा शेतातल्या उंच माळ्यावर उभा राहून दिवसभर पाखरं उडवतोय. घरी मूल आजारी, तीन दिवस डोळ्याला डोळा नाही. चौथ्या दिवशी भर दुपारी माळ्यावरच राखणदाराचा डोळा लागला, आणि त्याच्यासोबत माझाही.

जाग आली तेव्हा सभागृह रिकामं होतं. एवढी दोनशे माणसं गेली कधी नि कशी, काही पत्ता नाही. शेजारच्या खुर्चीवर बुवा आपली शाल घडी करत बसले होते. मला म्हणाले, "काय, कसा वाटला शेवट?"

मी डोळे पुसले. झोपेनं ओले होते, पण ते त्यांना कसं कळणार? म्हणालो, "अप्रतिम, बुवा. शब्द नाहीत."

"हो ना?" ते म्हणाले. "मलाही बरा वाटला."

तिसऱ्या आठवड्यात बुवा गेले. असे अचानक, की पेटीवाल्याला पुढच्या कीर्तनाची तारीख कळवायची राहिली होती. महिन्याभरानं अक्का मला म्हणाली, "धाकट्या, मी त्या दिवशी मागे दारापाशी होते, येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी देत. शेवट काही मला ऐकू आला नाही. तू तिसऱ्या रांगेत होतास. देव काय म्हणाला रे त्या राखणदाराला?"

आता तुम्हीच सांगा. समोर बहीण बसलेली, कपाळ मोकळं, हातात बुवांचा चष्मा. अशा वेळी "मी घोरत होतो" असं म्हणता येतं का? मी एक शेवट सांगितला. देव म्हणाला, कर्म करीत राहा. अक्का म्हणाली, "हं." वर्षानं तिनं पुन्हा विचारलं, आणि मी आधी काय सांगितलं होतं तेच विसरलो. म्हणून दुसरा सांगितला, की देवानं पाखरांना दुसरं शेत दाखवलं. अक्का म्हणाली, "म्हणजे शेजाऱ्याचं पीक खायला घातलं? देवानं?" तिसऱ्या खेपेला मी ते सगळं राखणदाराचं स्वप्न होतं असं सांगून मोकळा झालो. त्यावर अक्कानं मान वर केली. नुसती बघत राहिली. खोटं बोलणाऱ्याला शिव्या परवडतात. बघणं परवडत नाही.

बरं, त्या कीर्तनाची सीडी होती. एकच. माईकवाल्यानं आठवण म्हणून करून दिली होती. अक्का म्हणाली, मला इतक्यात ऐकवणार नाही, तुझ्याकडे प्लेअर आहे, तुझ्याकडेच ठेव. म्हणजे शेवट माझ्या कपाटातच होता, आणि तरी मला ठाऊक नव्हता. कारण आमचा प्लेअर.

हा प्लेअर पंचवीस वर्षांचा. वजन लहान मुलाएवढं. याचा खण बटण दाबून उघडत नाही. कंगव्याचं टोक घालून त्याला आर्जव करावं लागतं. बाकी वाजायचा ठणठणीत. बुवांची सीडी लावली की पन्नास मिनिटं कशी सुरेख जायची. राखणदार जागा होतो, धावत जाऊन बघतो, एका कणसाला चोच लागलेली नाही. बांधावर देव बसलेला. राखणदार विचारतो, "देवा, माझं काम तू केलंस. पण पाखरं उडवायची म्हणजे आरोळ्या आल्या, डबे बडवणं आलं. मग मला जाग कशी नाही आली?" बुवा म्हणतात, "देव हसला, आणि म्हणाला..." की एक्कावन्नावं मिनिट. आवाज बसायचा. विहिरीत उतरत जावा तसा खाली खाली जायचा. मी झडप घालून बंद करायचो.

बंद का? कारण कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्या काकांनी मला फार पूर्वी बजावलं होतं, "आवाज बसायला लागला की क्षणभर थांबू नका. बंद करा, नाहीतर यंत्र आतलं सगळं गिळून बसेल." एकुलती एक सीडी. तिचा घास कोण होऊ देईल? सहा वर्षांत दहा-बारा वेळा धीर करून लावली असेल, आणि दर वेळी माझा हात देवाच्या उत्तराआधी पोचला.

आणि मग अक्काचा फोन आला. उजवा कान तर तिचा केव्हाच गेलाय. डॉक्टर म्हणाले, डाव्यातही आता फार दिवस काही उतरणार नाही. फोनवर मी जे बोलत होतो ते तिची सून तिला ओरडून सांगत होती. अक्का म्हणाली, "पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी येते. यांचा तो शेवट ऐकायचाय. कान आहे तोवर. लावशील ना?"

"लावतो म्हणजे काय!" मी म्हणालो, आणि फोन ठेवून घाम पुसला.

आमच्या घरातून, म्हणजे सौभाग्यवतींकडून, प्रतिक्रिया आली, "सरळ सांगा वन्संना की झोपला होतात."

"आणि शेवट?"

"तो नवीन प्लेअर आणून ऐकवा. आणि तो आणताना समोरच्यांना विचारू नका."

आता समोरच्यांविषयी. आमच्या समोरच्या बिऱ्हाडात एक निवृत्त इंजिनियर राहतात. त्यांना सगळी इमारत 'सोनेरी कान' म्हणते. त्यांना पंख्याच्या आवाजावरून कुठलं पातं वाकलंय ते कळतं. निदान ते तसं सांगतात, आणि पंख्यावर चढून बघणार कोण? मी त्यांना विचारायला गेलो नव्हतो. जिन्यात भेटले, मी 'प्लेअर' एवढाच शब्द उच्चारला, आणि पुढचे दोन तास त्यांच्या दिवाणखान्यात गेले.

"साहेब," ते म्हणाले, "तुमच्या जुन्या प्लेअरची चूक काय आहे सांगू? तो एकटा दोन कामं करतो. सीडीवरचे आकडे वाचणं हे एक काम. त्या आकड्यांचा आवाज करणं हे दुसरं. हल्ली ही कामं वेगळी करतात. नुसतं वाचणारं यंत्र वेगळं, त्याला ट्रान्सपोर्ट म्हणतात. आवाज करणारी डबी वेगळी. वाचणाऱ्यानं वाचावं, गाणाऱ्यानं गावं."

मला ते पटलं. कीर्तनातही एक मागे पोथी धरतो आणि एक पुढे गातो. मी विचारलं, "म्हणजे नव्यात आवाज बसणार नाही?"

"बसणार?" ते असे हसले, जणू मी त्यांच्या घराण्याविषयी काही वावगं बोललो होतो. "तुम्हाला बुवांच्या अंगरख्याच्या घड्या ऐकू येतील!"

मी ट्रान्सपोर्ट मागवला. परदेशातून. तो आठवड्यात आला, म्हणजे पार्सल कचेरीपर्यंत आला. तिथून मला चिठ्ठी आली: 'तपासणीसाठी प्रत्यक्ष हजर राहावे.'

इथे एक सांगायला हवं. मी एकतीस वर्षं वजनमापं खात्यात होतो, शेवटची नऊ हेडक्लार्क. तराजू तपासायचे, खरे असतील तर शिक्का मारायचा. त्यामुळे कचेरी म्हणजे मला माहेर. खिडकी, शाईचा डाग, दोरीला बांधलेलं पेन, सगळं बघून मला भरून येतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. खिडकीमागे चष्म्याला दोरी लावलेल्या बाई होत्या. त्यांनी माझं यंत्र खोक्यातून काढलं, तारेला जोडलं आणि एक सीडी घालून कान लावला.

"वस्तू काय लिहिलीये? ध्वनियंत्र," त्या म्हणाल्या. "ध्वनी कुठाय?"

"बाई, यातून ध्वनी येत नाही."

"बिघडलंय?"

"नाही, नवं आहे."

"नवं आहे आणि आवाज येत नाही. म्हणजे बिघडलेलं आलंय."

"नाही हो. हे नुसतं वाचतं."

"काय वाचतं?"

"आकडे."

"मोठ्यानं?"

"मनात," मी म्हणालो. रांगेतल्या माझ्या मागच्या माणसानं एक पाऊल मागे घेतलं.

बाईंनी चष्मा काढला. "आजोबा, मी यावर 'ध्वनियंत्र, चालू' असा शेरा मारू शकत नाही, कारण आवाज नाही. 'बिघडलेलं' असा मारला तर ते परत जाईल. तुम्ही असं करा, हे मुकं असणं हा दोष नव्हे, असा तज्ज्ञाचा दाखला आणा."

आजोबा! मी हेडक्लार्क होतो हो. पण शर्टाला इस्त्री असली तरी केसांना नसते.

दुसऱ्या दिवशी सोनेरी कानांनी चार पानी दाखला लिहून दिला. त्यात दोन आकृत्या होत्या आणि बाईंच्या खात्याविषयी एक वाक्य होतं, जे मी बसमध्ये खाडाखोड करून घालवलं. दाखला पाहून बाई निवल्या. म्हणाल्या, "ठीक. वजन करते आणि देते." त्यांनी खोकं काट्यावर ठेवलं.

आणि तिथे माझी दृष्टी काट्याच्या बाजूला गेली. शिक्का! आमच्या खात्याचा शिक्का! माझं ऊर भरून आलं. मग मी वर्ष वाचलं. मुदत संपून तीन वर्षं झाली होती.

मंडळी, इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. रविवार चार दिवसांवर आलेला, खोकं काट्यावर, बाईंच्या हातात पेन. पण एकतीस वर्षांची सवय माणसाच्या जिभेत राहते. मी म्हणालो, "बाई, या काट्याची मुदत संपलीये."

बाईंनी शिक्का पाहिला. पेन खाली ठेवलं. आत जाऊन त्यांच्या साहेबांना घेऊन आल्या. साहेबांनी शिक्का पाहिला. मग खिडकीवर पाटी लागली: 'काटा तपासणी होईपर्यंत व्यवहार बंद.' माझ्या मागे बावीस माणसं होती. त्या बावीस जणांनी मला जे म्हटलं त्यातलं 'आजोबा' हेच सर्वांत आदराचं होतं.

मी तडक माझ्या जुन्या खात्यात गेलो. माझ्या हाताखाली शिकलेला मनुष्य आता तिथला मुख्य. म्हणाला, "साहेब, तुमच्यासाठी काहीही. अर्ज द्या, पंधरा दिवसांत नंबर लागेल." पंधरा दिवसांचा नियम मीच घालून दिला होता. मी त्याच्यासमोर खुर्चीत बसलो आणि त्याला सगळं सांगितलं: अक्का, कान, बुवा, रविवार. झोपेचं मात्र सांगितलं नाही. त्यानं मला जागा असलेलाच पाहिलाय अशी माझी समजूत होती. तो उठला, वजनांची पेटी उचलली आणि म्हणाला, "चला." शुक्रवारी दुपारी काट्याला नवा शिक्का बसला. बाईंनी मला पार्सल दिलं आणि निरोप घेताना म्हणाल्या, "पुन्हा येऊ नका हं, आजोबा." प्रेमानंच म्हणाल्या असाव्यात.

शनिवारी सकाळी सोनेरी कान आपली आवाजाची डबी घेऊन आले. उसनी दिली, पण दोन अटींवर. डबी तापू द्यायची, आणि ती तापत असताना खोलीत कुणी बोलायचं नाही. एका बारीक तारेनं त्यांनी ट्रान्सपोर्ट डबीला जोडला, डबी आमच्या जुन्या अॅम्प्लिफायरला जोडली, बटण दाबलं. शांतता. आम्ही अटीप्रमाणे गप्प होतो आणि यंत्रही गप्प होतं. दुपारपर्यंत त्यांनी तारा तीनदा काढल्या, टेबल उत्तरेकडून पूर्वेकडे फिरवलं, फ्रिज बंद करवला, माझ्या हातातलं घड्याळ काढायला लावलं. मी पार्सल कचेरीतल्या बाईंची मनातल्या मनात क्षमा मागितली. त्यांनी अचूक निदान केलं होतं.

तीन वाजता आमच्या घरातून पाण्याचे ग्लास घेऊन आल्या, तारेचं टोक उचलून बघितलं आणि म्हणाल्या, "हे प्लॅस्टिकचं टोपण काढायचं नसतं का?"

तारेच्या टोकावर मसुराएवढं पारदर्शक टोपण होतं. ते काढलं, तार खोचली, आणि बुवा गायला लागले.

काय सांगू! मी हात जोडले. सोनेरी कानांनी डोळे मिटले. "ऐका," ते म्हणाले, "किती मोकळा आवाज! जुन्या यंत्रात बुवा पडद्यामागे उभे होते."

"मला तर सारखंच वाटतंय," आमच्या घरातून म्हणाल्या.

"वहिनी, कान तयार व्हावा लागतो."

"टोपण काढायला डोळे पुरले," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

आम्ही दोघे बसून राहिलो. चाळीस मिनिटं झाली. पन्नास. राखणदारानं विचारलं, मला जाग कशी नाही आली? देव हसला, आणि म्हणाला...

आवाज बसला.

तस्सा बसला. त्याच जागी. मी झडप घालून बंद केलं. सोनेरी कानांचा चेहरा, त्यांच्या सोन्याला कुणी पितळ म्हटल्यासारखा झाला. "अशक्य!" ते म्हणाले. "दोन वेगळी यंत्रं, मध्ये पाव शतक, आणि बिघाड एकच?" थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, "तुमच्या घरातली वीज घाण आहे. जमिनीत तांब्याची सळई पुरावी लागेल." आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

रविवारी सकाळी, अक्का दुपारी यायची म्हणून, मी जुना प्लेअर कडेवर घेऊन रेडिओवाल्या काकांकडे धावलो. काका आता पंच्याहत्तरीचे. दुकान बंद असतं, पण वर राहतात. त्यांनी प्लेअरचं झाकण काढलं, आतलं काचेचं भिंग कापसानं पुसलं, खण चार वेळा आत-बाहेर केला आणि म्हणाले, "यंत्र ठणठणीत आहे."

"अहो, पण एक्कावन्नाव्या मिनिटाला आवाज बसतो."

"नव्यातही बसतो म्हणता?"

"तिथेच."

"दोन साक्षीदार वेगवेगळे येऊन एकच सांगतात," काका म्हणाले, "तेव्हा खोटं ते बोलत नसतात. आवाज बसल्यावर पुढे काय होतं?"

"पुढे? मी लगेच बंद करतो. तुम्हीच तर म्हणाला होतात, यंत्र सगळं गिळेल म्हणून!"

काकांनी हातातला कापूस खाली ठेवला. "अहो, ते मी कॅसेटविषयी म्हणालो होतो. टेपची फीत गुंडाळली जाते आत. सीडीत गिळायला आहे काय?"

तीस वर्षांपूर्वीचा सल्ला मी श्रद्धेनं पाळत होतो. श्रद्धा चांगली होती. यंत्र बदललं होतं. झाकण लावत बसायला वेळ नव्हता. उघडा प्लेअर तसाच उचलून मी घराकडे पळालो.

अक्का आलेली होती. खिडकीजवळच्या खुर्चीत, डावा कान खोलीकडे करून बसली होती. बुवांचा चष्मा पदराच्या टोकाला बांधलेला. एका बाजूला आमच्या घरातून, दुसऱ्या बाजूला सोनेरी कान, टेबलावर नवा ट्रान्सपोर्ट चकाकत होता.

"अक्का," मी धापा टाकत म्हणालो, "आवाज मध्ये बसतो बरं का. सीडीच खराब असेल. नाही ऐकू आलं तर..."

"हे काय आणलंस?" तिनं माझ्या हातातल्या उघड्या यंत्राकडे बोट केलं.

"जुना प्लेअर."

"त्यात लाव. फिरताना दिसतं तरी. ते नवं तोंड मिटून बसलंय."

सोनेरी कान काहीतरी बोलणार होते, पण अक्कासमोर आजवर कुणी बोललेलं नाही. मी प्लेअर जोडला, सीडी लावली. ती गरगर फिरू लागली आणि बुवा बोलू लागले. अक्कानं चष्मा मुठीत धरला. पन्नास मिनिटं ती हलली नाही. मी मात्र हललो. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. सहा वर्षांत सांगितलेले तिन्ही शेवट माझ्यासमोर उभे राहून दात विचकत होते. आता खरा चौथा येणार, किंवा मुळीच येणार नाही. दोन्हीत माझीच धडगत नव्हती.

"देव हसला," बुवा म्हणाले, "आणि म्हणाला..." आवाज बसला. माझा हात आपोआप पुढे गेला.

"बस खाली," अक्का म्हणाली. तिनं स्वतः उठून अॅम्प्लिफायरची कळ पकडली आणि फिरवली. फिरवत राहिली, अडेपर्यंत.

आणि बुवा ऐकू आले. अगदी हळू, कानाशी यावेत तसे.

"थांबा हं, मंडळी," बुवा म्हणत होते, "इथून पुढे जरा हळू बोलतो. तिसऱ्या रांगेत आमचे मेहुणे झोपलेत. हसू नका, जागे होतील. सकाळपासून या दोनशे खुर्च्या एकट्यानं मांडल्यात त्यांनी. हां. तर देव त्या राखणदाराला म्हणाला, 'अरे, मी पाखरं उडवलीच नाहीत. एकेकाच्या जवळ गेलो आणि हळूच सांगितलं, गलका करू नका, माझा माणूस दमून झोपलाय. पाखरं शहाणी रे. दिवसभर उपाशी बांधावर बसून राहिली, पण एकानं चोच उघडली नाही.' झालं, मंडळी. एवढीच गोष्ट. आज टाळ्या नकोत. हळूच उठा, चपला हातात घ्या, आणि पाखरांसारखे निघा."

मग दोनशे माणसांचं उठणं ऐकू आलं. अनवाणी पावलं. कुणाची तरी छत्री पडली आणि एकदम पन्नास जणांनी 'शूऽऽ' केलं. एक मूल खुदकन हसलं, त्याच्या तोंडावर हात आला असावा. आणि या सगळ्याच्या वर, संथ, भरदार, लयीत, माझं घोरणं. श्रोत्यांचा आवाज टिपायला माईकवाल्यानं एक माईक तिसऱ्या रांगेपाशी ठेवला होता. कळ पूर्ण फिरवलेली. समोरच्या इमारतीतली दोन माणसं खिडकीत आली.

मी जमिनीकडे पाहत होतो. अक्काच्या तोंडून आवाज आला तेव्हा मला वाटलं रडतेय. बघतो तर हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होती.

"अक्का," मी म्हणालो, "मी झोपलो होतो."

"ठाऊक आहे रे मला."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. हे घरी आले ते हसतच. म्हणाले, तुझा भाऊ झोपला, आणि त्याच्यापायी मला गोष्टीचा शेवट सापडला; मनात वेगळाच होता. मी म्हटलं, मला सांगा. तर म्हणाले, असा घरात नाही सांगायचा, पुढच्या कीर्तनात पुढे बसून ऐक." अक्कानं पदराला चष्मा पुसला. "पुढचं कुठलं व्हायला. म्हणून तुला विचारत राहिले. म्हटलं, कधीतरी कबूल होशील. तर तू एकेक शेवट रचून आणायचास. तिन्ही भिकार होते हो, धाकट्या."

"मग बोलली का नाहीस?"

"दर वेळी तू माझ्यासाठी एक नवा विचार करून आणत होतास. कशाला मोडू?"

सहा वर्षांचं ओझं असं दोन वाक्यांत उतरलं. मला इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीतच मागे रेललो, आणि आमच्या घरातून लगेच म्हणाल्या, "टेकू नका."

सोनेरी कान मात्र अजून डोळे मिटून होते. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "कसोटी सापडली. ते शेवटचं पुन्हा लावा. आता नव्यावर."

लावलं. दोन्हींवर, आलटूनपालटून, चार वेळा. माझं घोरणं. अखेर त्यांनी निकाल दिला: नव्या ट्रान्सपोर्टवर श्वास आत घेताना जी बारीक शीळ येते ती सुस्पष्ट ऐकू येते, जुन्या प्लेअरवर घोरण्याला एक ऊब आहे. आमच्या घरातून म्हणाल्या, त्यांना दोन्ही सारखीच वाटली, आणि चाळीस वर्षं मूळ प्रत ऐकत असल्यामुळे या विषयात त्यांच्याइतके तयार कान कुणाचे नाहीत. यावर सोनेरी कानांनीही मान तुकवली.

अक्का चार दिवस राहिली. रोज एकदा ते ऐकायची, फक्त शेवटची दोन मिनिटं, कळ अडेपर्यंत फिरवून. जाताना ट्रान्सपोर्टही नको म्हणाली नि प्लेअरही नको. म्हणाली, "आता कान गेला तरी चालेल. आत बसलंय."

तर मंडळी, एवढीच गोष्ट. आता उठाल, घरी जाल, कधी कुठल्या सभेत, कुठल्या प्रवासात, शेजारी कुणी दमला-भागलेला मान टाकून झोपलेला दिसेल. त्याला कोपर मारू नका. आवाज जरा खाली घ्या, चपला हातात घ्या, आणि पुढे जाता जाता आमच्या बुवांची आठवण काढा.